सत्कारानंतरचा सैनिक



फोंडाघाट गावच्या दिवंगत सैनिकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत वक्त्याने शौर्याविषयी बोलावे असा शिरस्ता आहे. आणि तो मोडावयाचा तर त्यास सबळ कारण दाखविले पाहिजे. मजपाशी कारण आहे ते एवढेच, की शौर्याविषयी आपण आजवर पुष्कळ बोललो, आणि इतक्या उच्च स्वरात बोललो, की ज्यांच्याविषयी बोललो त्यांना स्वतःला काही सांगावयाचे असेल ही शंकादेखील आपल्या मनाला शिवली नाही. मी स्वतः सैनिक नव्हे. बंदुकीचा आवाज मी ऐकला आहे तो शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील, रानडुकरावर झाडलेल्या बंदुकीचा. तेव्हा रणांगणाचे वर्णन करण्याचा अधिकार मला नाही, आणि ते मी करणारही नाही. परंतु रणांगणावरून परतलेला मनुष्य ज्या घरात, ज्या वाडीत आणि ज्या एस. टी.च्या थांब्यावर आपले उर्वरित आयुष्य कंठतो, त्या घराविषयी, वाडीविषयी आणि थांब्याविषयी बोलण्याचा अधिकार तुम्हांइतकाच मलाही आहे.

माझे प्रतिपादन प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते अमान्य असेल त्यांना वाद घालावयास पुरेसा अवसर मिळेल. युद्धाने, अथवा युद्ध जाहीर न होताही वर्षानुवर्षे चाललेल्या सीमेवरील सेवेने, ज्याचे मन दुखावले आहे, त्या सैनिकाने मनोवैद्याकडे वा समुपदेशकाकडे जाणे हा त्याचा निवृत्तिवेतनाइतकाच निखालस हक्क आहे. आणि त्या हक्काच्या वाटेत सरकारी दफ्तर जितके आडवे येते त्याहून अधिक आपण, हार घालणारे आणि टाळ्या वाजविणारे लोक, आडवे आलो आहो.

आपल्या भागातला तरुण सैन्यात जातो त्याची वाट ठरलेली आहे. फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरीवरून कोल्हापूर गाठावयाचे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा तेथल्याच भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. पहाटेच्या अंधारात मैदानावर धावावयाचे. आणि नशिबाने साथ दिली तर पुढे बहुधा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रुजू व्हावयाचे. ही परंपरा आजकालची नाही. कोकणी मराठ्यांची भरती कंपनी सरकारच्या अमदानीपासून होत आली आहे, आणि महार सैनिकांची तर त्या काळी इतकी होती, की दापोलीच्या कॅम्पात लष्करी पेन्शनरांची एक वस्तीच नांदत होती; बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले. त्या वस्तीविषयी मला नेहमी एक कुतूहल वाटत आले आहे. एका ओळीत घरे, आणि प्रत्येक घरी पलटणीतून आलेला मनुष्य: रात्री कोणी दचकून उठला तर शेजाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नसेल. आज आपला निवृत्त सैनिक आपल्या वाडीत बहुधा एकटाच असतो, आणि शेजारी त्याला मान देतात, परंतु त्याच्या दचकण्याचा अर्थ त्यांना कळत नाही.

इतिहासातला एकच प्रसंग घेतो. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा या नदीकाठच्या गावात सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढा घातला. आत ज्या हिंदी पलटणी अडकल्या त्यांत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. धान्य आटले, घोडी कापून खाण्याची पाळी आली, रोगराई पसरली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर वाळवंटातून जी पायपीट युद्धकैद्यांना करावयास लावली गेली, आणि पुढे मजुरीच्या तळांवर जे हाल झाले, त्यांत हजारो शिपाई मेले. जे वाचले ते कधीतरी बोटीने मुंबईस उतरले आणि आपापल्या गावी परतले. त्यांच्या जखमांची नोंद झाली, सेवेचे दिवस मोजले गेले, पेन्शनचा हिशेब बसला. परंतु वाळवंटात मागे टाकून यावे लागलेल्या सोबत्याचा चेहरा जर त्यांपैकी कोणाला दर रात्री दिसत असेल, तर ती बाब लिहावयाचा रकाना कोणत्याच दफ्तरात नव्हता.

त्याच सुमारास विलायतेत या विषयाला आरंभ होत होता. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या वैद्याने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तोफांच्या माऱ्याने भेदरलेल्या सैनिकांची लक्षणे वर्णिली आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथे अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय निघाले, आणि तेथील डॉ. रिव्हर्स यांनी १९१७ मध्ये दिलेल्या व्याख्यानात असे मांडले, की रुग्णाला ‘ते सगळे विसरून जा’ असे सांगणारे त्याचे हितचिंतकच त्याचे दुखणे वाढवीत असतात, कारण दिवसा बळेच दडपलेली आठवण रात्री दुप्पट वेगाने वर येते. शंभर वर्षांपूर्वीचे हे निदान आपल्या ओसऱ्यांवर अद्याप पोहोचलेले नाही. ‘झाला गेला इसरान जा’ हाच आपला एकमेव उपचार आहे. अर्थात विलायतेची थोरवी गाण्याचे कारण नाही. ज्या राष्ट्रात रिव्हर्स काम करीत होते त्याच राष्ट्राने त्या युद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांवरून आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या, आणि त्यांपैकी ३०६ जणांना क्षमा मिळावयास २००६ साल उजाडावे लागले.

आता आपल्या घरांकडे वळू. घरातली मंडळी डॉक्टरी भाषेत बोलत नाहीत. ती म्हणतात, ‘मिलिटरीतून इल्यापासून तो पयल्यासारको रवलो नाय.’ याहून अचूक निदान मी ऐकलेले नाही. तो झोपतो तो दाराकडे तोंड करून. मध्यरात्र उलटली की उठून खळ्यात बसतो. बाजाराच्या गर्दीत शिरावयाचे टाळतो, आणि शिरलाच तर पाठ भिंतीला लावून उभा राहतो. चतुर्थीला सारी वाडी आरत्यांत आणि फटाक्यांत दंग असते तेव्हा हा मागीलदारी निघून जातो, आणि पोरे समजतात की बाबा रागावले. क्षुल्लक कारणावरून त्याचा तोल जातो, आणि मग चार दिवस तो स्वतःलाच तोंड दाखवीत नाही. मुलाच्या लग्नात तो हसतो, परंतु त्याच्या बायकोला ठाऊक असते की हे हसणे फोटोपुरते आहे. या साऱ्या गोष्टी महिन्याहून अधिक काळ टिकल्या, आणि त्यांच्या मुळाशी प्राणावर बेतलेला किंवा डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या प्राणावर बेतलेला प्रसंग असला, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास आघातोत्तर मनोविकार म्हणते. १९८० पासून या विकाराला अमेरिकेच्या मनोवैद्यांच्या अधिकृत सूचीत स्थान आहे, आणि ते स्थान मिळाले त्याचे श्रेय बऱ्याच अंशी सैनिकांनाच आहे: व्हिएतनामहून परतलेल्या काही तरुणांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपापसांत बैठका भरवावयास आरंभ केला, त्यांत रॉबर्ट लिफ्टन आणि कैम शाटन हे दोन मनोवैद्य ऐकावयास जाऊन बसले, आणि सैनिकांनी जे सांगितले त्यातूनच पुढची व्याख्या घडली.

हे सर्व केवळ लढाईतून उद्भवते असेही नाही. बर्फातल्या चौकीवर महिनोन्महिने काढणे, प्रत्येक पाऊल सुरुंगावर पडेल या धास्तीने गस्त घालणे, ज्याला शत्रू म्हणावे की गावकरी हे ठरविता येत नाही अशा वस्तीत झडती घेणे, या कामाची झळ लढाईहून कमी नसते. त्यात घरून फोन येतो, की चुलत्याने बांध सरकविला, सातबाऱ्यावर नाव लावून घेतले, तलाठी दाद देत नाही. आणि हा दोन हजार मैलांवर हातात भरलेली बंदूक घेऊन उभा असतो. २०२२ च्या जुलैत संरक्षण राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले, की मागील पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी ६४२ भूदलातील होते. हा आकडा मी तुम्हांला घाबरविण्यासाठी सांगत नाही. या ८१९ जणांपैकी कोणाचे नाव कोणत्या स्मारकशिलेवर कोरले गेले असेल, याचा विचार आपण मनाशी करावा, म्हणून सांगतो.

अशा स्थितीत सैनिक काय करतो? बहुतेक वेळा तो स्वतःचा उपचार स्वतःच करतो, आणि औषधही त्याला सवलतीच्या दरात मिळते. लष्करी कॅन्टीनच्या दरमहाच्या कोट्यातली रम घरी येते, आणि पहिल्या काही आठवड्यांत तिने झोप लागते हे खरे आहे; म्हणूनच ती सुटत नाही. पुढे झोप तुटक होते, स्वप्ने अधिक भेसूर होतात, आणि मात्रा वाढते. गावाचे वर्तन या बाबतीत मोठे चमत्कारिक असते. कोटा आला की खळ्यात मैफल भरविणारे आणि त्याच्या लढाईच्या गोष्टी चवीने ऐकणारे जे गृहस्थ असतात, तेच वर्षभराने ‘मिल्ट्रीवालो दारूत बुडालो’ असे थांब्यावर उभे राहून सांगतात. व्यसनमुक्तीचे कार्य महाराष्ट्रात नवे नाही, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यास सुरू केलेले मुक्तांगण आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याने आघात दडविण्यासाठी बाटली धरली त्याची नुसती बाटली काढून घेतली, तर तो उघड्या जखमेसह घरी परततो. दारू आणि आघात यांचे उपचार एकाच वेळी झाले पाहिजेत, आणि सैनिकाने डॉक्टरला पहिल्याच भेटीत दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

दुसरा उपाय घरचे लोक करतात, तो देवस्कीचा. कौल लावतात, भगताला विचारतात, बाहेरची बाधा निघते, कोंबडा जातो. मी या श्रद्धेची टवाळी करणार नाही. ग्रामदेवतेसमोर उभे राहून घातलेल्या गाऱ्हाण्यात दुःख चारचौघांत मोठ्याने उच्चारण्याची जी रीत आपल्या पूर्वजांनी जपली, तिच्यात मनुष्यस्वभावाचे फार खोल ज्ञान आहे, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या मंडळींच्या साथीने ज्याचे दुःख हलके झाले त्याच्याशी मी वाद कशाला घालू? परंतु गाऱ्हाणे घातल्यावरही झोप आली नाही, तर डॉक्टरकडे जाण्यास देवाची हरकत नसते. विंचवाचेच पाहा. एका पिढीपूर्वी कोकणात विंचू चावला म्हणजे माणसाला मांत्रिकाकडे नेत, आणि लाल विंचवाच्या विषाने हृदय निकामी होऊन धडधाकट माणसे आणि मुले दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे औषध त्यावर वापरून पाहिले, आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि मृत्यूंचे प्रमाण विलक्षण घटले. मंत्राचा आग्रह धरणारी तीच माणसे दंश झालेल्या पोराला उचलून सरळ दवाखान्यात धावू लागली. आणि योगायोग असा, की हेच प्राझोसिन पुढे अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या दुःस्वप्नांवर दिले जाऊ लागले. कारण विंचवाचे विष काय आणि जुने भय काय, दोन्ही शरीरात एकाच जातीचे उत्तेजक रस उधळतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याचा अपेक्षित गुण दिसला नाही हेही सांगितले पाहिजे. तथापि काही डॉक्टर काही रुग्णांना ते अद्याप देतात. माझा मुद्दा औषधाचा नाही. विंचवाच्या बाबतीत जो पालट कोकणाने एका पिढीत करून दाखविला, तो मनाच्या बाबतीत अशक्य आहे असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

समुपदेशकाच्या खोलीत नक्की काय घडते, याविषयी मात्र आपल्याकडे विलक्षण गैरसमज आहेत. तेथे कोणी विजेचा धक्का देत नाही, खोलीत कोंडीत नाही, आणि ‘धीर धरा’ असे व्याख्यानही झोडीत नाही. प्रथम झोप, दारू आणि जिवाचा धोका यांची विचारपूस होते. नंतर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी भेट, असे दोन-तीन महिने अथवा थोडे अधिक. त्या भेटींत, सैनिकाची तयारी झाल्यावर आणि त्याच्या गतीने, ज्या प्रसंगाला तो वर्षानुवर्षे टाळत आला तो क्रमाने सांगितला जातो. एकदा नव्हे, पुनःपुन्हा, जोवर तो प्रसंग आज, या क्षणी, या खोलीत घडतो आहे असे वाटण्याचे थांबून, तो अमुक साली अमुक ठिकाणी घडून गेला असे मनाला पटत नाही. बरोबरीने, ज्या गर्दीला, ज्या आवाजाला, ज्या रस्त्याला तो चुकवीत असतो तेथे त्याला पायरीपायरीने नेले जाते. ‘मी वेळेवर पोहोचलो असतो तर तो वाचला असता’ यासारख्या, आतून पोखरणाऱ्या समजुतींची उलटतपासणी होते. आवश्यक वाटल्यास औषधही देतात. ते बहुधा ठराविक मुदतीचे असते आणि त्याने मनुष्य ‘खुळो’ होत नाही. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही, परंतु पुष्कळांना येतो. आणि ज्यांना थोडा येतो त्यांच्या घरात चतुर्थीचे दिवस निराळे जातात.

येथे महाभारताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. युद्धारंभीच्या अर्जुनाचा विषाद प्रत्येकाला ठाऊक आहे. युद्धानंतरच्या युधिष्ठिराचा फारसा कोणी वाचीत नाही, आणि तो आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. युद्ध जिंकलेले आहे, राज्य हाती आले आहे, आणि कर्ण आपला सख्खा भाऊ होता हे कळल्यावर धर्मराज म्हणतो, की मला हे काही नको, मी वनात जातो. घरच्या मंडळींनी त्यावर काय करावे? अर्जुनाने त्याला खडसावले, भीमाने त्याच्या बुद्धीची टर उडविली, आणि द्रौपदीने तर वाट चुकलेल्या मनुष्यावर धूप, अंजन आणि नस्य यांचे उपचार करावेत असे सर्वांदेखत सुनावले. आपल्याकडे ‘तेका रत्नागिरीक न्हेवक व्हया’, म्हणजे तेथील मनोरुग्णालयात, असे म्हणतात त्यातलाच हा प्रकार. त्या थोर स्त्रीला मी दोष देत नाही; तेरा वर्षांचा वनवास-अज्ञातवास आणि पाच पुत्रांचा वध सोसलेली ती होती, आणि तिच्याही दुखण्याला कोणी विचारीत नव्हते. परंतु घरच्यांच्या या बोलण्याने धर्मराजाला काडीचाही गुण आला नाही. शेवटी व्यास आणि कृष्ण यांनी त्याला नेले ते भीष्मांकडे, म्हणजे ज्याच्या स्वतःच्या अंगात बाण रुतलेले आहेत अशा वृद्ध योद्ध्याकडे. आणि महाभारतातले सर्वांत दीर्घ असे शांतिपर्व म्हणजे एका जखमी सैनिकाने दुसऱ्या खचलेल्या सैनिकाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे होत. तेवढ्यानेही काम संपत नाही. भीष्मांचे निधन झाल्यावर गंगेच्या तीरी धर्मराज पुन्हा कोसळतो, आणि पुन्हा समजूत घालावी लागते. एकदा बरे वाटून दुखणे उलटले म्हणजे उपचार फसला असे मानून जे दवाखाना सोडतात, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

यातून मला एक व्यवहारी गोष्ट दिसते. आमच्या वाडीतला निवृत्त हवालदार प्रथमच डॉक्टरकडे जाईल तो माझ्यासारख्याच्या व्याख्यानाने नव्हे. ज्याने स्वतः चौकीवर रात्री काढल्या आहेत, आणि जो म्हणेल की ‘मीही गेलो होतो, तू चल, मी बाहेर बसतो’, अशा दुसऱ्या सैनिकाच्या शब्दानेच तो जाईल. तेव्हा या सभेत जे कोणी उपचार घेऊन सावरले असतील, त्यांना माझी विनंती अशी, की त्यांनी ही गोष्ट लपवू नये. चारचौघांत जाहीर करावी असे मी म्हणत नाही. आपल्या पलटणीच्या एका सोबत्याला सांगावी, तेवढे पुरे.

जे अद्याप सेवेत आहेत त्यांची अडचण निराळी आहे, आणि ती मी झाकणार नाही. लष्करात प्रकृतीची श्रेणी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांच्या सूत्राने ठरते, आणि त्यातले पहिले अक्षर मनाच्या स्थितीचे आहे. मन दुखते आहे असे सांगितले की ‘कॅटेगरी लागते’, आणि कॅटेगरी लागली की बढतीचा, कोर्सचा, परदेशातील शांतिसेनेत जाण्याचा प्रश्न येतो, हे जवानाला भरतीच्या दुसऱ्याच महिन्यात कळलेले असते. ही भीती निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती बरीचशी अतिरंजित आहे एवढेच म्हणता येईल. कारण अशी श्रेणी पुष्कळदा ठराविक आठवड्यांपुरती असते, फेरतपासणी होते, आणि गुण आलेला मनुष्य पूर्वपदावर येऊ शकतो. तथापि ज्या व्यवस्थेत गुडघा मोडल्याचे सांगणाऱ्याला सहानुभूती मिळते आणि झोप मोडल्याचे सांगणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, त्या व्यवस्थेने आपला शिरस्ता बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हात किंवा पाय गमावलेल्यांसाठी पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. लष्करी रुग्णालयांत मनोविकारांचे कक्षही दीर्घकाळ आहेत. परंतु सैनिकाला कोणास न विचारता, कोणाची चिठ्ठी न घेता, थेट फोन करून आपल्या भाषेत बोलता यावे, अशी सैन्यदलांसाठीची खास शाखा टेली-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य योजनेत पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात निघाली ती २०२३ च्या डिसेंबरात. एवढा उशीर का लागला, याचे उत्तर बेळगावात अथवा दिल्लीत शोधण्यापूर्वी आपण आपल्या ओसरीवर शोधावे.

सेवानिवृत्तांना तर श्रेणीचे भय उरलेलेच नाही. मनोवैद्याकडे गेल्याने पेन्शन एका पैशाने कमी होत नाही. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत, जी २००३ पासून अमलात आहे, मनाचे उपचारही येतात. दुखण्याचे मूळ सेवेत असेल तर अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात असा निर्वाळा दिला आहे, की भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल आणि पुढे तिच्यामुळे सेवा सोडावी लागली, तर ती सेवेमुळे जडली असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. अर्ज कसा करावा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारासंबंधीची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे मानून त्याला शिक्षेऐवजी शुश्रूषा द्यावी असे ठरविले आहे. टेली-मानसचा क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि तेथे मराठीत बोलता येते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाण्यास ज्याला शेजाऱ्यांचा संकोच वाटतो, त्याने आधी या क्रमांकावर बोलावे.

बंदुकीविषयी दोन शब्द, कारण हा विषय आपल्या जिल्ह्यात टाळता येत नाही. येथे घरोघरी शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत, आणि कित्येक निवृत्त सैनिक बँकांत पहारेकऱ्याची नोकरी करतात. परवाना जाईल, नोकरी जाईल, या धास्तीने माणसे गप्प बसतात. समुपदेशकाकडे जाणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने भ्रमिष्ट ठरत नाही, हे त्यांनी निश्चित समजावे. परंतु ज्या आठवड्यांत मन फार अंधारलेले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार डोकावत असेल, त्या आठवड्यांत बंदूक घरात नसावी. निवडणुकीच्या वेळी आपण सारे निमूटपणे ती पोलीस ठाण्यात जमा करतो, आणि त्यात कोणालाही अप्रतिष्ठा वाटत नाही.

बायकांना मी काय सांगावे? त्यांनीच मला पुष्कळ सांगितले आहे. सैनिकाच्या पत्नीने ‘घरातली गोष्ट घरात’ या नियमाने जे वर्षानुवर्षे पोटात ठेवले, त्याची मोजदाद कोणी केली नाही, आणि माझ्या व्याख्यानातही तिला पुरेसा वेळ मिळालेला नाही, ही उणीव मला मान्य आहे. टेली-मानसचा क्रमांक तिच्यासाठीही आहे. नवऱ्याने जाण्यास नकार दिला तरी तिने स्वतः जावे. अनेकदा घरातील पहिला रुग्ण म्हणून तीच दवाखान्यात पोहोचते, आणि तिच्या मागून, कुरकुरत का होईना, तो येतो.

आता एक ठोस सूचना करून मी आपली रजा घेतो. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात. आजकाल काहीजण तो मोबाइलवरून देतात, परंतु म्हातारी माणसे अद्याप रांगेत उभी राहणेच पसंत करतात. त्या दिवशी आपल्या पंचक्रोशीतला प्रत्येक निवृत्त सैनिक आणि सैनिकाची विधवा बिनबोभाट एका जागी जमते, आणि तेथे आल्याबद्दल कोणी कोणाकडे बोट दाखवीत नाही. त्याच सकाळी ग्रामपंचायतीने जवळची एक खोली मोकळी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समुपदेशकाला आगाऊ पत्र पाठवून बोलवावे. खोलीच्या दारात पांढऱ्या कोटाचा मनुष्य बसवू नये. एखादा निवृत्त सुभेदार बसवावा, आणि दाखल्याचे काम झालेल्या प्रत्येकाला त्याने चहा देऊन एवढेच विचारावे, की झोप लागते का. ज्याला आत जावयाचे असेल तो आत जाईल, ज्याला नसेल तो चहा पिऊन घरी जाईल, आणि दोघांची नावे कोणत्याही वहीत लिहू नयेत. खर्च चहाचा आणि समुपदेशकाच्या प्रवासभाड्याचा. सरपंचांनी आज रात्री होकार दिला तर पत्राचा मसुदा मी उद्या सकाळी लिहून देतो. मात्र पत्र ओरोसला लवकर पोहोचले पाहिजे, कारण नोव्हेंबरात तेथील माणसांना इतरत्रही बोलावणी असतात.